विश्वासाचे छोटे लेख आणि शनिवारचं वाचन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावचं वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालचं. दोन कपाटं, एक लांब टेबल, वर्तमानपत्रं आणि भिंतीवर गाडगेबाबा. दर शनिवारी दिवेलागणीनंतर इथे माणसांनी स्वतःच्या विश्वासाबद्दल लिहिलेले छोटे लेख मोठ्याने वाचले जातात. नवीन आलेला माणूस दारातच चप्पल काढता काढता जे विचारतो, ते एकदाचं लिहून ठेवते. शेजारच्या गावांतूनही विचारणा होते, त्यांनाही कामी येईल.

विश्वासाचा लेख म्हणजे नेमकं काय?

पान-दीड पानाचं लिखाण. मी अमुक गोष्ट धरून जगतो आणि ती माझ्या पदरात कशी पडली, एवढंच त्यात सांगायचं. देवाधर्माबद्दल असलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडे वाचल्या गेलेल्या लेखांत एक धुऱ्याबद्दल, म्हणजे शेताच्या बांधाबद्दल होता (शेजाऱ्याच्या बाजूने वखराचं एकही तास जास्त न घेण्याबद्दल), एक किराणा दुकानदाराचा उधारीच्या वहीबद्दल, आणि एक अंगणवाडीच्या ताईंचा, पोराला खाऊ घातल्याशिवाय त्याला काहीही न शिकवण्याबद्दल. प्रवचन, अग्रलेख आणि सत्काराचं भाषण हे तीन प्रकार यात बसत नाहीत. तिन्ही आम्हाला गावात भरपूर ऐकायला मिळतात.

ही कल्पना तुमचीच का?

नाही. अमेरिकेत १९५१ साली सीबीएस रेडिओवर एडवर्ड मरो यांनी 'धिस आय बिलीव्ह' नावाचा कार्यक्रम सुरू केला. हे तेच मरो, दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना तिथून बातम्या सांगणारे. कार्यक्रम काही मिनिटांचाच असे. एक माणूस यायचा आणि आपण कशावर विश्वास ठेवून जगतो ते स्वतःच्या आवाजात सांगायचा. काळ कोरियातल्या युद्धाचा, अणुबॉम्बच्या धास्तीचा. कोण कम्युनिस्ट आहे याच्या चौकशांमुळे मनातलं उघड बोलायलाही लोक कचरायचे. त्या दिवसांत हेलन केलर बोलल्या, बेसबॉल खेळाडू जॅकी रॉबिन्सन बोलले आणि ज्यांना कोणी ओळखत नव्हतं अशी माणसंही बोलली. १९५५ ला तो बंद पडला. पुढे २००५ ते २००९ या काळात एनपीआर या सार्वजनिक रेडिओने तो पुन्हा चालवला, आणि तेव्हा कोणीही लेख पाठवू शकत होतं. अटी मोजक्या होत्या: ३५० ते ५०० शब्द, 'मी' म्हणून लिहायचं, एखादी घडलेली गोष्ट सांगायची, विश्वास एक-दोन वाक्यांत नाव घेऊन सांगायचा आणि उपदेश करायचा नाही.

अटी लिहिणाऱ्यासाठी आहेत, पण वाचणाऱ्यालाही त्या फार उपयोगी पडतात. आम्ही त्या टेबलाच्या काचेखाली ठेवल्या आहेत.

आता, हे सगळं परदेशी आहे असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं की याच मुलखात गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसालाच प्रश्न विचारत सुटायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. तू काय मानतोस, कशापायी मानतोस, हे चारचौघांत विचारण्याची रीत अमरावती-वर्ध्याला कोणी शिकवायची गरज नाही.

वाचताना लक्ष कशाकडे द्यायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. एका लेखावरूनच सांगते.

दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाणाऱ्या एका बाईंचा लेख आहे. त्यांनी सांगितला, दहावीतल्या मुलीने लिहून घेतला. सुरुवात अशी: "सकाळी पऱ्हाटीवर दव असते. तवा वेचला तं कापूस वजनात भरते. मजुरी किलोवर हाय." पुढे त्या सांगतात की दव उतरेपर्यंत त्या धुऱ्यावर बसून राहतात. बाकीच्या बाया तोवर कमरेला बांधलेली ओटी कापसाने अर्धी भरतात. संध्याकाळी काटा झाडाला टांगला जातो, एकेकीचं गाठोडं लागतं आणि यांचा आकडा कमी येतो. घरी नवरा विचारतो, आज कमी कसे? त्या म्हणतात, आज कमी.

मग लेख एकदम मागे जातो. लहानपणी त्या वडिलांसोबत बंडीवर बसून बाजारात गेल्या होत्या. व्यापाऱ्याने कापसात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि म्हणाला, ओला आहे. भाव पाडला. वडील मुठीत कापूस घेऊन तसेच उभे राहिले, मूठ दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. लेखाच्या शेवटाकडे, जवळजवळ जाता जाता, विश्वासाचं वाक्य येतं: "कोनाच्याई बंडीत माह्या हातचा ओला कापूस जाऊ नाही."

हे ऐकून बहुतेक जण म्हणतात, वा, किती प्रामाणिक बाई. पण 'प्रामाणिक' हा शब्द लेखात कुठेही नाही. तो आपण आणून ठेवला, आणि ठेवल्याबरोबर लेख वाचायचा थांबलो.

त्यापेक्षा हे बघा. हा विश्वास त्यांना कितीला पडला? रोजची काही किलोंची मजुरी, आणि नवऱ्याशी ते दोन शब्दांचं बोलणं. लेखात किंमत कुठे मोजली गेली ती जागा सापडली की वाक्याचं वजन कळतं. किंमत कुठेच दिसत नसेल तर ते वाक्य चांगलं असेल, पण विश्वास म्हणून ते अजून कोरं आहे. दुसरं, विश्वास कुठून आला? गीतेतून नाही, शाळेच्या फळ्यावरून नाही, तर वडिलांच्या मुठीतून. तिसरं, लेख काय सांगत नाही? मालकाला हे माहीत होतं का? त्या दव उतरायची वाट बघतात हे त्याने कधी पाहिलं का? लेख गप्प आहे. आमची सगळ्यात जास्त चर्चा त्या गप्प जागेवरच झाली.

जरा बाहेरची माहिती असली की वाचन आणखी खोल जातं. कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात. ओलावा त्याच्या वर पण १२ टक्क्यांपर्यंत असला तर भाव कापून घेतात आणि त्यापुढे माल परत करतात. म्हणजे दवातली ती ओटी वेचणारीच्या मजुरीत भर घालते आणि काट कोणा कास्तकाराच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या, विक्रीच्या पट्टीत पडते. हे ठाऊक असलेला माणूस तोच लेख ऐकून खुर्चीत सरळ बसतो.

मला लेखातलं काही पटलंच नाही तर?

पटायलाच हवं असं कोणी म्हटलं? आपल्याला पटणारेच लेख वाचायचे तर स्वतःचाच लेख पुन्हा पुन्हा वाचावा.

चाकणच्या कंपनीत कामाला असलेल्या एका पोराने सुटीत येऊन लेख वाचला होता. त्याचा विश्वास असा की वावर विकून गाव सोडणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि आपल्या बापाने ते वेळेवर केलं असतं तर आई आज धडधाकट असती. समोर बसलेल्यांत निम्मे त्याच्या बापाच्या वयाचे कास्तकार. खोली तापली होती.

अशा वेळी आमची एक पद्धत उपयोगी पडते. लेख संपला की थोडा वेळ कोणीच बोलत नाही. हे आम्हाला जड गेलं नाही, कारण मोझरी इथून लांब नाही. तिथे तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. १९६८ साली महाराज गेले ती ही वेळ. गप्प राहणं हासुद्धा चारचौघांत करायचा कार्यक्रम असतो, हे इथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे.

शांततेनंतर फक्त लेखात जे आहे त्याबद्दल विचारायचं. "आईचं दुखणं कधी सुरू झालं?" चालेल. "वावर किती होतं?" चालेल. "पण तू जे म्हणतोस ते..." हे चालणार नाही. 'पण' पारावर. तिथे रात्री बारापर्यंत कोणी अडवत नाही, आणि त्या रात्री ते बारापर्यंत चाललंही.

"मी अमुक मानत नाही" असा लेख चालतो का?

त्या रेडिओ कार्यक्रमाची सूचना होती की काय मानत नाही यापेक्षा काय मानता ते लिहा. सूचना बरी आहे. नुसत्या नकारावर लिहिलेला लेख बहुधा दुसऱ्याच्या तक्रारीवर जाऊन बसतो. तरी आम्ही ती इथे जशीच्या तशी लावत नाही.

याला कारण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यातल्या सुरुवातीच्या प्रतिज्ञा नकाराच्या आहेत, मी अमुक मानणार नाही, मी अमुक करणार नाही अशा. अष्टांगमार्ग, करुणा, पंचशील हे होकार त्यानंतर येतात. आमच्या गावात अशी घरं आहेत जिथे आजोबांनी त्या दिवशी उच्चारलेलं 'मानणार नाही' हीच घरातली सगळ्यात मोठी ठेव आहे. पाठीवरचं ओझं आधी उतरवावं लागतं, मग हात मोकळे होतात. तेव्हा नकाराचा लेख आणा. वाचणाऱ्याने एवढंच पाहावं की तो नकार स्वतःच्या जगण्यातून आला आहे की शेजाऱ्याला टोचायला काढला आहे.

आणि अंधश्रद्धा असेल तर? तीही ऐकून घ्यायची?

ऐकून घ्यायची, पण ऐकण्याला एक हद्द आहे. कोणी लिहिलं की मी पेरणीआधी तिफणीला हळदकुंकू लावल्याशिवाय बियाणं सोडत नाही, तर त्यात कोणाचं काही जात नाही. उलट, ती सवय कोणाकडून आली ते विचारलं की चांगल्या गोष्टी निघतात. पण कोणी लिहिलं की साप चावल्यावर आम्ही आधी मांत्रिकाकडे नेतो, तर लेख पूर्ण वाचला जातो, शांतताही पाळली जाते, आणि मग मी स्वतः उठून सांगते की सर्पदंशाला प्रतिसर्पविष हाच इलाज आहे आणि तो दवाखान्यात मिळतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. कोणाचं मन राखायला हे सांगणं मी टाळत नाही. खरिपात आमच्याकडे साप निघतातच.

लेख नटवलेला आहे हे कसं ओळखू येतं?

फार अक्कल लागत नाही. पहिल्याच परिच्छेदात 'संस्कार' तीनदा आला, लेखातली सगळी माणसं चांगली आहेत, आणि शेवटी लिहिणाराच जिंकतो, की समजावं. खऱ्या लेखात कुठेतरी एखादी निरुपयोगी गोष्ट अडकलेली असते: तुटलेला बंद, चुकीची बस, त्या दिवशी केलेली वांग्याची भाजी. बनवणाऱ्याला ती सुचत नाही, कारण तिची गरज नसते.

अलीकडे पोट्टे मोबाईलकडून लेख लिहून आणतात. वाक्यं गुळगुळीत, प्रत्येक परिच्छेद सारख्या लांबीचा, आणि गाव कुठलंही असू शकतं. आम्ही रागावत नाही. फक्त विचारतो, "त्या दिवशी लाइन होती का रे?" त्या दिवशी गावात वीज होती की नव्हती, हे मोबाईलला माहीत नसतं.

याच्यात आणि लघुनिबंधात काय फरक?

लघुनिबंध मराठीत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात फार बहरला, आणि त्याची गंमत अशी की तो चष्म्यावर किंवा पावसावर लिहिता लिहिता कुठेही हिंडून येऊ शकतो. विश्वासाच्या लेखाला हिंडायची मुभा कमी. त्याने केव्हातरी थांबून 'मी हे धरलंय' असं म्हणायलाच हवं. काही ललित लेख दोन्हीकडे बसतात. बसू द्यावेत.

मोठ्याने का वाचायचं? मनात वाचलं तर काय बिघडलं?

मनात वाचताना आपण पळतो. चारशे शब्द मनात मिनिट-दीड मिनिटात संपतात. मोठ्याने वाचायला तीन-चार मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात माणूस दिसायला लागतो. शिवाय येणाऱ्यांत काहींना वाचता येत नाही, काहींचा चष्मा घरी राहिलेला असतो.

वाचणाऱ्याने अभिनय करायचा नाही, एवढी मात्र ताकीद आहे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांनी आमचं फार नुकसान केलं आहे. हात वर, आवाज वर, आणि शेवटच्या ओळीला गळा दाटून आणायचा! त्या कापसाच्या लेखाचं असं वाचन एकदा झालं. बाई स्वतः बसल्या होत्या, त्यांनाच तो आपला वाटेना. परत साधा वाचला.

मला लिहिता येत नाही. चालेल?

चालेल. तुम्ही बोला, दुसरा लिहून घेईल. लिहून घेणाऱ्यासाठी नियम असा की बोलणं सुधारायचं नाही. 'मले' असेल तर 'मले'च, 'करून रायलो' असेल तर तसंच. वाक्य अर्धवट सुटलं तर अर्धवट. लिहून झालं की बोलणाऱ्याला वाचून दाखवायचं आणि त्याने मान डोलावल्याशिवाय कागद वाचनालयात आणायचा नाही.

असे लेख वाचायला मिळतात कुठे?

दिवाळी अंकांत भरपूर. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही सोय आपल्याकडे आहे, आणि जुने अंक रद्दीतही मिळतात. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या पाहा. आत्मकथनांतलं एखादं प्रकरण सुटं काढूनही वाचता येतं. इंग्रजीतले लेख कॉलेजातल्या मुली आधी वाचून येतात आणि तिथेच बोलत बोलत मराठीत सांगतात. भाषांतर कच्चं असतं, त्यामुळे लोक जास्त प्रश्न विचारतात. शाळेला १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी काही हवं असेल तर आमच्या फायलीतले लेख, ज्यांनी हो म्हटलं आहे त्यांचे, नेता येतील.

कापसाला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेलं. हे वाचून होणार काय?

भाव वाढणार नाही. पीकविमाही मिळणार नाही. हा प्रश्न विचारणारे काका जवळजवळ दर शनिवारी येतात, मागच्या बाकावर बसतात आणि सगळ्यात नेमका प्रश्न तेच विचारतात. त्यांनी अजून स्वतःचा लेख दिलेला नाही. आम्ही मागत नाही.

दुःखाचे लेख येतात तेव्हा काय करता?

येतात. हा विदर्भ आहे, घरात कोणी गेल्याचे लेख येणारच. असा लेख वाचायच्या आधी घरच्यांना विचारलं जातं, टाळ्या नसतात आणि नंतर प्रश्नही नसतात. लिहिणारा एकटा घरी जात नाही, कोणीतरी सोबत जातं.

पण लेखात किंवा बोलण्यात स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचा सूर लागला, तर तो लेख उरत नाही. तिथे चर्चा करत बसायचं नाही. त्या माणसाला सोबत करायची, घरच्यांना गाठायचं, फवारणीचं औषध आणि दोर हाताशी राहणार नाहीत असं पाहायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आणि मोफत असतो, तिथे मराठीत बोलता येतं. तो दारामागे मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

वाचलेला लेख व्हॉट्सअॅपवर टाकला तर चालेल का?

नाही. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, स्टेटसला एखादी ओळही नाही. माणूस वीस जणांसमोर जे बोलतो ते दोन हजारांसाठी बोललेलं नसतं. एकदा असं झालं आणि नंतर बरेच दिवस बायांनी लेख आणले नाहीत.

काढणीच्या दिवसांत वाचन असतं का?

सोयाबीन काढणीला बंद. पोळ्याच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बंद. कापूस वेचणीच्या दिवसांत चालू, पण उशिरा, बाया घरी येऊन स्वयंपाक उरकल्यावर. ज्यांची ओलिताची लाइन रात्रीची असते त्यांचा लेख आधी वाचतो, म्हणजे त्यांना मोटर चालू करायला जाता येतं.